मेट्रो तीनमध्ये वेळ कुठे जातो

मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ च्या ॲपवर स्टेशन ते स्टेशन जी मिनिटं दिसतात ती गाडीची असतात, तुमची नव्हे. भुयारातली गाडी ना सिग्नलला अडकते, ना फाटकाला. तिचा वेळ जवळपास ठरलेला. तरीही माणसं उशिरा पोचतात, कारण रस्त्यावरून फलाटापर्यंत उतरायला पाच-सहा मिनिटं जातात आणि दुसऱ्या टोकाला चुकीच्या दाराने वर आलं तर तेवढीच पुन्हा. लोकलला आपण गाडी पकडतो, आठ-बाराची फास्ट नाहीतर आठ-सोळाची स्लो. मेट्रोत गाडी कुठलीही चालते, गर्दीच्या वेळी पाच-सहा मिनिटांत पुढची येतेच. हिशेब करायचा तो जिन्यांचा आणि दारांचा.

मार्ग आधी थोडक्यात सांगतो. मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाइन, आरे जेव्हीएलआरपासून कफ परेडपर्यंत. लांबी ३३.५ किलोमीटर, स्टेशनं २७, त्यातलं फक्त आरे जमिनीवर, बाकी २६ जमिनीखाली. तीन तुकड्यांत सुरू झाली: आरे ते बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिथून वरळी नाक्याच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये, आणि पुढे कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. टोकापासून टोकापर्यंत साधारण तासाभराचा प्रवास. पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा भाडं कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ७०.

आता नावं. या मार्गावर सगळ्यात जास्त माणसं चुकतात ती नावांमुळे.

आरे दोन आहेत. एक मेट्रो ७ वर, हायवेला लागून, गोरेगावच्या बाजूला. त्या स्टेशनचं नाव नुसतं ‘आरे’. दुसरं आपलं ‘आरे जेव्हीएलआर’, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर. ही दोन स्टेशनं एकमेकांना जोडलेली नाहीत आणि चालत जाण्याइतकी जवळही नाहीत. दहिसरहून मेट्रो ७ ने येऊन ‘आरेला उतरतो आणि भुयारी पकडतो’ असा बेत कुणी केला असेल तर तो आताच मोडून टाकावा. त्या माणसाने गुंदवलीपर्यंत यावं, पुलावरून मेट्रो १ च्या वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशनात जावं आणि मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३ घ्यावी.

वरळी नाक्याला जायचंय तर ‘वरळी’ला उतरू नका. नाका म्हणजे आचार्य अत्रे चौक, पुढचं स्टेशन. महालक्ष्मीच्या देवळात जायचंय तर ‘महालक्ष्मी’ स्टेशन हे देवळाचं स्टेशन नव्हे. ते सात रस्त्याच्या बाजूला आहे, आणि देऊळ भुलाभाई देसाई रोडवर, समुद्राकाठी. नवरात्रात तिथून ओटीचं ताट घेऊन पायी निघालेल्या बायका टॅक्सी शोधत बसतात. सिद्धिविनायकाचं मात्र तसं नाही. नाव देवळाचं आणि स्टेशनही देवळापाशीच. मंत्रालयात काम असेल तर ‘विधान भवन’, नरिमन पॉइंटलाही तेच सोयीचं. मुंबई सेंट्रलच्या स्टेशनला जगन्नाथ शंकरशेठ यांचं नाव दिलंय, ते योग्यच आहे, पण गाडीत घोषणा ऐकताना ‘मुंबई सेंट्रल’ या शब्दांची वाट पाहत बसलं तर पहिला शब्द कानावरून जातो. काळबादेवीचं स्टेशन चिराबाजारच्या बाजूला आणि गिरगावचं ठाकूरद्वारकडे, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण लग्नाच्या खरेदीला पार्ल्याहून येणाऱ्याला सांगावं लागतं.

आणि दादर. दादर मेट्रो म्हणजे दादर रेल्वे स्टेशन नव्हे. मेट्रो गोखले रोडच्या अंगाला आहे. लोकलने येऊन मेट्रो पकडायची तर दादर पश्चिमेला उतरून बाजारातून चालावं लागतं, रिकाम्या रस्त्यात दहा मिनिटं. पण दादरचा तो रस्ता रिकामा कधी असतो? संध्याकाळी सातला, त्यातून सणाच्या आधीच्या आठवड्यात, फुलं आणि कंदिलांच्या गर्दीतून पंधरा-वीस धरा.

स्टेशनं रेल्वेपासून अशी सुटी का पडली, असं सगळेच विचारतात. कारण साधं आहे. बोगदा यंत्राने खोदता येतो, वरच्या इमारतींना हात न लावता. या मार्गासाठी १७ टनेल बोअरिंग मशिनं लावली होती आणि त्यांना सूर्या, वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तानसा अशी नद्यांची नावं दिली होती. स्टेशन मात्र बहुतेक ठिकाणी वरून खड्डा करूनच बांधतात. आठ डब्यांची गाडी साधारण १८० मीटर लांब, म्हणजे फलाट तेवढा आणि स्टेशनची पेटी त्याहून लांब. एवढा सलग खड्डा दक्षिण मुंबईत करायला रुंद रस्त्याखेरीज जागा कुठली? म्हणून मार्ग रस्त्यांच्या पोटातून गेला आणि स्टेशनं चौकांखाली आली. जिथे रस्ताही पुरेसा रुंद नव्हता, गिरगाव-काळबादेवीसारख्या ठिकाणी, तिथे काही भाग खालच्या खाली खोदून काढावा लागला आणि वरच्या काही जुन्या चाळी गेल्या.

याच लांबीमुळे दुसरी गोष्ट होते, आणि ती रोजच्या प्रवाशाला जास्त कामाची आहे. एकाच स्टेशनची दोन टोकं रस्त्यावर दोन वेगळ्या चौकांत उघडू शकतात.

प्रत्येक दाराला अक्षर-आकडा आहे: ए१, ए२, बी१, बी२ असे. ‘ए’ची दारं साधारण एका टोकाला, ‘बी’ची दुसऱ्या. तिकिटांच्या मजल्यावर, गेटमधून बाहेर पडल्या पडल्या, भिंतीवर नकाशा असतो आणि वर लटकलेल्या पाट्यांवर दाराच्या अक्षराखाली जवळच्या रस्त्यांची, इमारतींची नावं. बहुतेक माणसं गेटमधून सुटली की समोरची माणसं जिकडे जातात तिकडे चालू लागतात. ही लोकलची सवय. तिथे गर्दी पुलाकडे जाते आणि पूल एकच असतो. इथे तुमच्यापुढचा माणूस त्याच्या ऑफिसला चाललाय, तुमच्या नव्हे.

नव्या ठिकाणी जाताना एवढं करा. ज्याच्याकडे जायचंय त्याला पत्ता विचारताना दाराचा नंबरही विचारा. ‘बीकेसी मेट्रोला ये’ म्हणणाऱ्याला ‘कुठलं दार?’ असं विचारायची सवय लावून घ्यावी, कारण बीकेसीत एक दार चुकलं तर एकेका ब्लॉकचा वळसा पडतो आणि उन्हात तो ब्लॉक फार मोठा वाटतो. ते दार उघडं आहे का हेही बघा. नव्या स्टेशनांवर सगळी दारं एकदम सुरू झाली नाहीत, काही मागाहून उघडली. खाली बंद दाराच्या पाटीवर कागद चिकटवलेला असतो आणि तो लोक वाचत नाहीत. रस्त्याखालून जीपीएसही चालत नाही. नकाशावरचा निळा ठिपका तुम्हाला भलत्याच गल्लीत दाखवेल. वर आल्यावर त्याला भानावर यायला अर्धं मिनिट द्या, मग चाला.

रोजच्या प्रवाशासाठी याच्यापुढची पायरी म्हणजे डबा ठरवणं. फलाटावरचा सरकता जिना किंवा लिफ्ट फलाटाच्या ठरावीक जागी असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत आपल्या उतरायच्या स्टेशनवर जिना कुठल्या दारासमोर येतो ते पाहून ठेवा. फलाटावरच्या काचेच्या दारांवर नंबर असतात, तोच लक्षात ठेवायचा. मग चढताना त्याच नंबरापाशी उभं राहायचं. १८० मीटरच्या फलाटावर चुकीच्या टोकाला उतरलेला माणूस गर्दीच्या शेपटीला लागतो, आणि सकाळी साडेनऊला बीकेसीच्या सरकत्या जिन्यापाशी ती शेपटी दोन-तीन मिनिटांची असते. लोकलमध्ये पुलासमोरचा डबा धरणारे लोक हे न सांगताच करतात. मेट्रोत आल्यावर ते का विसरतात कळत नाही. बहुधा एसीमुळे.

तिकीट आणि गेट

तिकिटाचे तीन मार्ग आहेत. खिडकीवर किंवा मशिनवर कागदी क्यूआर, फोनवर क्यूआर, आणि एनसीएमसी, म्हणजे बँका देतात ते टॅप करायचं कार्ड. फोनवरच्या तिकिटासाठी मेट्रो ३ चं स्वतःचं मेट्रोकनेक्ट३ ॲप आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून मुंबई वन ॲपही, ज्यावर मेट्रो, लोकल, बेस्ट अशा निरनिराळ्या सेवांची तिकिटं एकत्र निघतात.

गर्दीच्या वेळी गेटपाशी जी रांग थबकते ती बहुतेकदा एका फोनपायी. माणूस गेटच्या तोंडाशी येतो, मग फोन काढतो, कुलूप उघडतो, ॲप उघडतो, तिकीट शोधतो. मागे बाराजण. त्यात स्क्रीनचा उजेड कमी, वर गोरिल्ला ग्लासला तडा, तो नेमका क्यूआरवरून गेलेला. स्कॅनरला काळे-पांढरे चौकोन नीट वेगळे दिसावे लागतात. उजेड कमी असला किंवा तडा आडवा आला की तो वाचत नाही. लोक मग फोन काचेवर दाबून घासतात. उलट करायचं असतं. फोन काचेपासून चार-पाच बोटं वर धरून स्थिर ठेवायचा, म्हणजे पूर्ण चौकोन नजरेत येतो. उजेड जिन्यावरच पूर्ण करून ठेवा. कागदी तिकिटाची घडी क्यूआरच्या मधून घालू नका आणि ते घामट मुठीत धरून ठेवू नका. बाहेर पडतानाही तेच तिकीट दाखवायचंय, हे आठवण करून द्यावं लागतं इतके कागद आतल्या कचराडब्यात पडतात.

चौघांचं तिकीट एकाच फोनवर काढलं असेल तर प्रत्येकाचा क्यूआर वेगळा असतो. फोनवाल्याने शेवटी जायचं. तो आधी आत गेला तर उरलेले तिघं बाहेर आणि फोन आत, मग गेटच्या वरून फोनची देवाणघेवाण. रविवारी हा खेळ सिद्धिविनायकला बघायला मिळतो.

रोज जाणाऱ्याने कार्डच घ्यावं. पण कार्डाची एक खोच आहे आणि ती कुणी नीट समजावून सांगत नाही. एनसीएमसीतली शिल्लक कार्डाच्या चिपवर असते, बँकेत नव्हे. म्हणूनच गेटला नेटवर्कची वाट पाहावी लागत नाही, टॅप केलं की पैसे तिथल्या तिथे वळते होतात. पण त्यामुळेच, तुम्ही रात्री घरी बसून ॲपवरून पाचशे रुपये भरले तरी ते लगेच कार्डावर येत नाहीत. ते मधे कुठेतरी थांबलेले असतात आणि कार्ड मशिनला किंवा खिडकीवरच्या यंत्राला लावून शिल्लक ‘अपडेट’ केली की मग चिपवर चढतात. सकाळी गेट लाल होतं, माणूस फोनवर पैसे कापल्याचा मेसेज दाखवत कर्मचाऱ्याशी भांडतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. खिडकीवर जाऊन रोख भरले तर ही भानगड नाही, पैसे थेट चिपवर.

कार्डाच्या बाकी चुका सोप्या आहेत. पाकिटात दोन टॅपची कार्डं असतील तर पाकीट लावू नका, कार्ड काढून लावा. वाचणाऱ्या यंत्राला दोन्ही एकदम ऐकू येतात आणि ते एकाचंही ऐकत नाही. एका कार्डावर दोन माणसं जात नाहीत. आणि बाहेर पडताना गेट आधीच उघडं दिसलं म्हणून टॅप न करता सटकलात, तर कार्डाच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात. दुसऱ्या दिवशी ते आत घेणार नाही. अशा वेळी गेटशी झटापट करू नये, शेजारी ग्राहक सेवा खिडकी असते, तिथे कार्ड दिलं की अर्धवट राहिलेला प्रवास मिटवून देतात.

नेटवर्कचं म्हणाल तर मार्ग सुरू झाला तेव्हा जमिनीखाली उतरलं की बहुतेकांचे फोन मुके होत, आणि ही अडचण बराच काळ चालली. तिकिटांच्या मजल्यावर फुकट वायफाय दिलं गेलं, पण फलाटावर आणि बोगद्यात त्याचा भरवसा धरू नये. म्हणून सवय अशी असू द्या: तिकीट रस्त्यावर असतानाच काढायचं, घरी फोन करायचा तो जिना उतरण्याआधी, आणि खिशात दहा-वीसच्या चार नोटा ठेवायच्या. खाली जाऊन यूपीआयचं चक्र फिरत बसलं की दहा रुपयांच्या तिकिटासाठी पुन्हा वर यावं लागतं.

गाडीत

फलाटाला छतापर्यंत काचेची भिंत आहे, तिला दारं आहेत, आणि गाडी आली की गाडीची दारं आणि ही दारं समोरासमोर येऊन एकदम उघडतात. ही भिंत नुसती लोक रुळांवर पडू नयेत म्हणून नाही. गाडी बोगद्यातून येते तेव्हा पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढची हवा ढकलत येते. भिंत नसती तर तो गरम वारा दर वेळी फलाटावर आला असता आणि स्टेशनचा एसी बाहेर खेचला गेला असता.

या दारांमागचं कुलूप समजून घेण्यासारखं आहे. गाडीचं प्रत्येक दार आणि फलाटाचं प्रत्येक दार पूर्ण बंद झाल्याची खूण मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. एकही दार उरलं तर नाही. त्यामुळे शेवटच्या क्षणी कुणी लॅपटॉपची बॅग मधे घातली की ते दार पुन्हा उघडतं, पुन्हा मिटतं, आणि आठ डबे तिथेच. मागची गाडी तोवर बोगद्यात येऊन पोचलेली असते. सिग्नल यंत्रणा दोन गाड्यांमधलं अंतर सतत मोजत असते, म्हणून मागची आधी हळू होते आणि मग थांबते. भुयारात गाडी दोन मिनिटं उभी राहिली की लोक घाबरून एकमेकांकडे बघतात. बहुतेक वेळा पुढे कुठेतरी एका माणसाची एक बॅग असते. लोकलच्या धावत्या दारात उडी मारणाऱ्या शहराला ही गोष्ट पचायला वेळ लागणार.

थांबा जास्त वेळ चालला तर दार जोर लावून उघडायचा प्रयत्न करू नये. डब्यात आणीबाणीचं बटण आहे, त्यातून चालकाशी बोलता येतं. बोगद्यात उतरायची वेळ आलीच तर कर्मचारी सांगतील तेव्हा आणि सांगतील त्या बाजूनेच उतरायचं. वर २५ हजार व्होल्टची वीज आहे आणि शेजारच्या बोगद्यात गाडी चालू असू शकते.

उतरायची तयारी लोकलसारखी एक स्टेशन आधीपासून करायची गरज नाही, पण कुठल्या बाजूचं दार उघडणार ते ऐका. सगळ्या स्टेशनांवर एकच बाजू नसते. चुकीच्या दाराला टेकून उभं राहिलेल्याला ‘पुढे उतरणार का?’ हा मुंबईचा प्रश्न इथेही विचारावा लागतो, फक्त इथे तो हळू आवाजात विचारतात. चढताना पाटीवर ‘कफ परेड’ आहे की ‘आरे जेव्हीएलआर’ तेवढं बघायचं. स्लो-फास्ट नाही, बारा डबे-पंधरा डबे नाही.

मरोळ नाका आणि विमानतळ

मेट्रो १ आणि ३ ची गाठ मरोळ नाक्याला पडते. ठाणे-मुलुंडकडून मध्य रेल्वेने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि खाली उतरून बीकेसी, वरळी किंवा सीप्झ, असा रस्ता आता हजारो लोकांचा आहे. इथला वेळ हमखास कमी धरला जातो. मेट्रो ३ जमिनीखाली, मेट्रो १ रस्त्याच्या वर पुलावर. म्हणजे फलाटावरून तिकिटांचा मजला, गेटमधून बाहेर, आणखी जिने, जोडपूल, मग मेट्रो १ ची बॅग तपासणी आणि तिचं गेट. दोन्ही मार्ग वेगळ्या कंपन्या चालवतात, त्यामुळे भाडंही वेगळं लागतं. दोन्ही टप्प्यांची तिकिटं आधीच काढून ठेवा. रिकाम्या वेळी सात-आठ मिनिटं, गर्दीला बारा.

संध्याकाळी इथे आणखी एक गोष्ट आडवी येते. मेट्रो ३ ची गाडी आठ डब्यांची, मेट्रो १ ची चार डब्यांची. खालून एका गाडीतून जेवढी माणसं वर येतात तेवढी वरच्या एका गाडीत मावत नाहीत, कारण ती वर्सोव्याकडून किंवा घाटकोपरकडून आधीच भरून आलेली असते. सहा ते साडेआठ या वेळात घाटकोपरकडे जायचं असेल तर एक गाडी सोडावी लागेल असं धरूनच निघा. ज्यांचं घर मध्य रेल्वेवर आणि ऑफिस दक्षिणेकडे आहे त्यांनी सीएसएमटी स्टेशनलाच मेट्रो सोडून लोकल धरावी. भुयारी वाटेने जाता येतं आणि गाडी सुरुवातीपासून मिळते, म्हणजे बसायला जागा.

विमानतळाचीही नावांची गंमत आहे. मेट्रो १ वरचं ‘एअरपोर्ट रोड’ म्हणजे विमानतळ नव्हे. मेट्रो ३ वरचं ‘सहार रोड’ही नव्हे. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ ची स्टेशनं वेगळी, त्यांच्या मधे सहार रोड. टर्मिनल २ ला ‘इंटरनॅशनल’ म्हणायची जुनी सवय आहे, पण तिथून देशातली विमानंही सुटतात, तेव्हा ‘आपण पुण्या-नागपूरचे, आपलं टर्मिनल १’ असं मनाने ठरवू नये. तिकिटावर टर्मिनल छापलेलं असतं. चुकलात तर दोन स्टेशनं परत, वर-खाली जिने आणि पुन्हा तपासणी, सगळं मिळून अर्धा तास. टर्मिनल २ चं स्टेशन टर्मिनलच्या दारात उघडत नाही, पुढे बॅग ओढत चालायचं आहे, त्याला दहा मिनिटं वेगळी धरा. मोठ्या सुटकेसींसह लिफ्ट शोधा, सरकत्या जिन्यावर सुटकेस खालच्या पायरीवर ठेवून उभं राहणाऱ्यांमुळे मागच्यांचा जीव टांगणीला लागतो. आणि पहाटेचं विमान असेल तर मेट्रो विसरा. पहिली गाडी सकाळी ५.५५ ची.

पावसाळ्याबद्दल सगळ्यांच्या मनात एकच चित्र आहे: २६ मे २०२५, पाऊस त्या वर्षी फार लवकर आला आणि आचार्य अत्रे चौक स्टेशनात, जिथलं एक प्रवेशद्वार अजून बांधून व्हायचं होतं, तिथून पाणी आत शिरलं. काही दिवस गाड्या वरळीपर्यंतच धावल्या. पूर्ण झालेल्या दारांना रस्त्यापासून वर चढून मग खाली उतरायच्या पायऱ्या असतात, त्या याचसाठी. लोक ‘आधी चढायचं कशाला’ म्हणून कुरकुरतात. त्या तीन-चार पायऱ्या म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याला घातलेला उंबरठा आहे. रोजच्या पावसात खरा त्रास होतो तो छत्र्यांचा. ओली छत्री बॅगेसोबत तपासणीच्या पट्ट्यावर टाकली की मागच्या सगळ्यांच्या बॅगा ओल्या निघतात, आणि गुळगुळीत फरशीवर पाणी पडलं की चपला घसरतात. छत्री आडोशाला झटकून पिशवीत घालून उतरावं. वर मुसळधार असेल तर दारातच दोनशे माणसं थांबलेली असतात आणि खालून येणाऱ्यांना जिन्यावर अडकून पडावं लागतं. अशा वेळी दुसऱ्या टोकाचं दार बघा, तिथे बहुतेकदा तेवढी गर्दी नसते.

आता, ही मेट्रो कुणाची? विरार-बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्याची नाही. त्याला लोकल सोडून हिच्यात येण्याचं कारण नाही. वेळेत फार फरक पडत नाही आणि पैशांत फार पडतो. पूर्ण मार्गाचे ७० रुपये म्हणजे जाऊन-येऊन १४०, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ३,५००. लोकलचा सेकंड क्लासचा पास त्याच्यापुढे काहीच नाही. ही मेट्रो त्यांची, ज्यांच्या दाराशी रेल्वे कधी आलीच नव्हती: मरोळ, सीप्झ, एमआयडीसी, कलिन्याचं विद्यापीठ, बीकेसी, वरळी, कफ परेड. चर्चगेटला उतरून कफ परेडसाठी शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहणाऱ्याला शेवटचे दोन थांबे घेतले तरी फायदा आहे, उन्हाळ्यात तर नक्कीच. वरळीहून बीकेसीला टॅक्सीने जाणाऱ्याला तर पहिल्याच दिवशी कळतं. मधल्या टप्प्यापुरती मेट्रो आणि बाकी लोकलचा पास, असं जोडकाम खिशाला झेपतं. सगळं अंतर मेट्रोने करायचा हट्ट बहुतेकांना महागात जातो.

रात्रीचं एक सांगायचं राहिलं. शेवटची गाडी दोन्ही टोकांवरून १०.३० ला सुटते. मधल्या स्टेशनवर ती त्यानंतर किती वाजता येईल ते पाटीवर बघून ठेवा, कारण १०.३५ ला गिरगावात कफ परेडहून येणारी गाडी मिळू शकते, पण कफ परेडला तीच गाडी गेलेली असते. रात्री सगळीच दारं उघडी असतील असंही गृहीत धरू नका. शटर ओढलेलं दिसलं तर रस्ता ओलांडून दुसरं दार बघा. तेही बंद असेल तर चर्नी रोड किंवा मरीन लाइन्स गाठा, लोकल मध्यरात्रीनंतरही मिळते.